एका तिरप्या रेघेची गोष्ट

मागच्या महिन्यात शनिवार-रविवार नाशिकला मामांकडे जाऊन आलो. कारण सांगितलं तर हसाल. मला एक तिरपी रेघ बघायची होती.

झालं असं, की पुण्यात आमच्या टीमकडे एक छोटंसं काम आलं. कारखान्यातल्या मशिनचा प्रोग्रॅम टॅबलेटवर दाखवायचा. बदलायचा नाही, नुसता दाखवायचा, म्हणजे मेंटेनन्सच्या माणसाला दरवेळी लॅपटॉप घेऊन पॅनलपाशी बसायला नको. आता हा प्रोग्रॅम म्हणजे आपण रोज लिहितो तसला मजकूर नसतो. ते एक चित्र असतं. डावी-उजवीकडे दोन उभ्या रेघा, मधे शिडीसारख्या आडव्या पायऱ्या, म्हणून नाव लॅडर. पायरीवर छोटी चिन्हं. समोरासमोर दोन आखूड उभ्या रेघा म्हणजे एनओ कॉन्टॅक्ट. त्याच दोन रेघांमधून एक तिरपी रेघ गेली की एनसी. उजव्या टोकाला गोल कंसांची जोडी म्हणजे कॉइल. झाली भाषा! (टायमर, काउंटर वगैरे आहेत, पण ते आज राहू देत.)

एनओ म्हणजे नॉर्मली ओपन, एनसी म्हणजे नॉर्मली क्लोज्ड. याचं मराठी करायला गेलात तर फजिती होते. क्लोज्ड म्हणजे 'बंद', पण आपल्याकडे दिवा बंद म्हणजे विझलेला, आणि कॉन्टॅक्ट 'बंद' असला की दिवा लागतो. म्हणून अंबडपासून सातपूरपर्यंत कोणीही शहाणा माणूस भाषांतराच्या भानगडीत पडत नाही. सगळे एनओ-एनसीच म्हणतात. हा घोळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर टॅबलेटवर लांबलचक पायरी मावण्यासाठी चित्र लहान केलं, आणि ती तिरपी रेघ जवळजवळ नाहीशीच झाली. एक-दोन पिक्सेलचा ठिपका. दोन चिन्हांचे अर्थ एकमेकांच्या बरोब्बर उलटे, आणि फरक काय तर एक ठिपका! मी म्हटलं, सोपं आहे. सगळे एनसी कॉन्टॅक्ट लाल करून टाकले. छान उठून दिसायला लागले. स्वतःवर खूश होऊन मामांना व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: "एवढे फॉल्ट कसले आलेत रे?"

कारखान्यात लाल म्हणजे काहीतरी बिघडलंय किंवा थांबलंय. बरोबर चाललेल्या मशिनचा निम्मा प्रोग्रॅम मी लाल करून ठेवला होता.

मामा सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबडच्या एका कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांच्या सिडकोतल्या घराच्या माळ्यावर जुन्या ड्रॉइंगांची गुंडाळी आहे. कंपनीने रद्दीत काढली तेव्हा त्यांनी मागून घेतली. अमोनिया प्रिंट, कडा पिवळ्या, मधे ग्रीसचे अंगठे. मामींना ती कधीची टाकून द्यायची आहेत. आम्ही ती जमिनीवर पसरली आणि मामांनी पहिल्याच कागदाच्या घडीवर बोट ठेवलं. घडीच्या जागी शाई उडाली होती. "इथे रेघ होती का नव्हती, सांग."

मला सांगता आलं नाही. (खरं सांगायचं तर हे चिन्ह पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो कपॅसिटर वाटला होता. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या बहुतेकांना वाटतो.) मामांनीही कागदावरून सांगितलं नाही. ते म्हणाले, रेघ दिसली नाही तर आम्ही पॅनल उघडायचो आणि रिलेच बघायचो.

या वाक्यावर मी परतीच्या बसमध्ये नाशिक फाट्यापर्यंत विचार करत होतो. कारण सगळी गोम तिथेच आहे.

थोडं मागे जाऊ. तुमच्यापैकी कोणाचं गाव निफाड-दिंडोरीकडे असेल तर विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर पाहिलाच असेल. हिरवं बटण दाबून सोडलं तरी मोटर चालूच राहते. का? तर आतल्या कॉन्टॅक्टरचाच एक एनओ कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. कॉन्टॅक्टर एकदा ओढला गेला की तो स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. याला होल्डिंग म्हणतात. लाल बटण या सगळ्याच्या आधी, ओळीत, एनसी. ते दाबलं की वाट तुटते आणि कॉन्टॅक्टर सुटतो. लाईट गेली तरीही सुटतो, आणि परत आली तरी आपोआप लागत नाही. म्हणून तर रात्री दोनला लाईट आली की टॉर्च घेऊन विहिरीवर जावं लागतं, नाहीतर 'ऑटो' बसवावा लागतो. हे सगळं कागदावर काढलं की लॅडरची पहिली पायरी तयार. जगातल्या प्रत्येक लॅडरच्या पुस्तकात हीच पायरी पहिली असते.

कारखान्याच्या मशिनला अशा शंभर पायऱ्या. प्रत्येक पायरीमागे पॅनलमध्ये एक खराखुरा रिले, ११० व्होल्टचा कंट्रोल सप्लाय, आणि टाकटाक आवाज. मामा सांगतात की पॅनलच्या आवाजावरून सायकल कुठे अडकली ते कळायचं. ड्रॉइंगमधलं प्रत्येक चिन्ह म्हणजे हात लावता येईल अशी एक वस्तू. ड्रॉइंगचीही दोन घराणी. अमेरिकन पद्धतीत पायऱ्या आडव्या. जर्मन मशिनांबरोबर आलेल्या कागदांवर प्रवाह वरून खाली, आणि कॉन्टॅक्ट म्हणजे दाराच्या कडीसारखी तिरकी पाती. नाशिकमध्ये दोन्ही प्रकार एकाच शेडमध्ये नांदत होते. मान नव्वद अंशांत वळवता येणं ही मेंटेनन्सची प्राथमिक अट होती म्हणायची :-)

आता अमेरिकेत चला, १९६८ साली. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागात, म्हणजे जिथे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनायचे तिथे, दर वर्षी मॉडेल बदललं की रिलेची भलीमोठी पॅनल उपटून नव्याने वायरिंग करावं लागे. त्यांनी मागणी काढली की याऐवजी एक यंत्र द्या, जे न उपटता बदलता येईल आणि आमच्या कारखान्यातल्याच माणसांना सांभाळता येईल. बेडफर्ड असोसिएट्स नावाच्या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि मंडळी आधीच याच डोकेदुखीवर काम करत होती. त्यांचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव मॉडिकॉन ०८४. पुढे ज्याला पीएलसी म्हणायला लागले, त्या जातीचं हे मूळपुरुष.

स्पर्धेत डीईसीचं पीडीपी-१४ सुद्धा होतं. डीईसी ही तेव्हाची बडी संगणक कंपनी, आणि त्यांचा दृष्टिकोन संगणकवाल्यांचा: तर्क आहे ना, मग बूलियन समीकरणं लिहा. मॉर्लींच्या यंत्राने तसलं काही मागितलं नाही. इलेक्ट्रिशियनला जी शिडी वाचता येते तीच यंत्रात घाला, एवढंच. पीडीपी-१४ मागे पडलं, मॉडिकॉन राहिलं. यामागे इतरही कारणं असणारच, पण माझ्या मते सॉफ्टवेअरच्या इतिहासातल्या सर्वात यशस्वी यूआय निर्णयांत याचा नंबर बराच वर लागेल. आणि आपल्या क्षेत्रात त्याबद्दल कोणी बोलतही नाही. का, तर वापरणारे लोक ऑफिसात बसत नाहीत.

पण या निर्णयात एक पाचर होती, आणि ती तिरप्या रेघेपाशीच बसली.

कागदावरचं चिन्ह वस्तूचं चित्र होतं. हा कॉन्टॅक्ट एरवी जोडलेला आहे, असं ते सांगायचं. पीएलसीच्या आत कॉन्टॅक्ट नसतोच. आत असतो एक बिट, शून्य किंवा एक, आणि चिन्ह त्या बिटाला प्रश्न विचारतं. दोन रेघा: 'एक आहे का?' मधे तिरपी रेघ: 'शून्य आहे का?' चित्र तेच, पण विधानाचा प्रश्न झाला. आणि हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

याचा फटका कुठे बसतो, तर नेमका लाल बटणावर. स्टॉप बटण एनसी का लावतात? वायर तुटली, टर्मिनल सैल झालं, तरी ते दाबल्यासारखंच व्हावं आणि मशिन थांबावं म्हणून. म्हणजे सगळं ठीक असताना त्या बटणातून पीएलसीला सतत व्होल्टेज मिळतं, बिट असतो एक. मग प्रोग्रॅममध्ये प्रश्न कोणता विचारायचा? 'एक आहे का?' म्हणजे साध्या दोन रेघा, तिरपी नाही. कागदावर तेच बटण एनसी काढलेलं, आणि स्क्रीनवर एनओसारखं दिसणारं चिन्ह. दोन्ही बरोबर!

मामांच्या कारखान्यात २००४-०५ च्या सुमारास एका कन्व्हेयरचं जुनं रिले पॅनल काढून पीएलसी बसवला होता. काही महिन्यांनी एक नवा इंजिनिअर आला. हुशार होता, असं मामा आवर्जून सांगतात. त्याने ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम शेजारी ठेवून तपासलं आणि त्याला 'चूक' सापडली. ड्रॉइंगमध्ये स्टॉप एनसी, प्रोग्रॅममध्ये रेघच नाही. त्याने रेघ घातली. साहजिकच कन्व्हेयर सुरू होईना. मग त्याने बटणाचा एनसी एलिमेंट काढून एनओ लावला. कन्व्हेयर सुरू झाला, बटण दाबल्यावर थांबलाही. काम फत्ते. कोणालाही काही वेगळं जाणवलं नाही.

पावसाळ्यात उंदराने ट्रेमधली वायर कुरतडली. एनसी असतं तर कन्व्हेयर त्याच क्षणी थांबला असता आणि लोकांनी शिव्या घालत वायर शोधली असती. आता तो चालतच राहिला. दुपारच्या शिफ्टला एका कामगाराची बाही रोलरमध्ये ओढली जायला लागली, शेजारच्याने लाल बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. इमर्जन्सीचं मशरूम बटण दुसऱ्या टोकाला. मामा पॅनलपाशी होते म्हणून त्यांनी मेन आयसोलेटर खाली ओढला. शर्ट फाटला, हाताला खरचटलं, एवढ्यावर निभावलं.

"त्या पोराची चूक नव्हती," मामा म्हणाले. "त्याने चिन्ह वाचलं. चिन्हाने त्याला फसवलं."

ही गफलत नुसती नाशिकची नाही. पीएलसी शिकवणाऱ्या प्रत्येकाला ती वर्षातून चारदा समजावून सांगावी लागते. बनवणाऱ्यांनाही ती माहीत होती, आणि नावं बदलून ती सुधारायचे प्रयत्न झाले. ॲलन-ब्रॅडलीने जुन्या यंत्रांत या दोन चिन्हांना 'एक्झॅमिन ऑन' आणि 'एक्झॅमिन ऑफ' म्हटलं होतं. हे मला आजही सर्वात स्वच्छ वाटतं, कारण यात 'तपास' हा शब्द आहे, म्हणजे प्रश्न आहे, आणि ऑन-ऑफचे दोन अर्थ होत नाहीत. पुढे त्याचं 'एक्झॅमिन इफ क्लोज्ड' आणि 'एक्झॅमिन इफ ओपन' झालं. म्हणजे तपास राहिला, पण ओपन-क्लोज्डचं भूत परत आलं. आपल्या 'बंद'सारखंच. सुधारणा कधीकधी मागेही जाते.

आकार मात्र कोणी बदलला नाही. १९७० च्या दशकातल्या प्रोग्रॅमिंग टर्मिनलवर रेघा काढायची सोयच तुटपुंजी, त्यामुळे कॉन्टॅक्ट म्हणजे एकमेकांकडे पाठ केलेले दोन चौकोनी कंस आणि मधे टाइपरायटरवरची तिरपी रेघ. आयईसीने १९९३ साली पीएलसीच्या भाषांचं प्रमाणीकरण केलं (हेच आजचं ६११३१-३), त्यातही ही चिन्हं साध्या अक्षरांनी काढता येतील अशी ठेवली. वर त्याच दोन रेघांत पी आणि एन ही अक्षरं घालून आणखी दोन कॉन्टॅक्ट आले: बिट शून्याचा एक होतो त्या क्षणासाठी पी, उलट होतो तेव्हा एन. डॉट मॅट्रिक्सच्या फिक्या प्रिंटवर हे चारही एकसारखे दिसतात, हे मामांनी प्रिंट समोर टाकून दाखवलं. एनचा मधला दांडा तिरपाच असतो हो!

मग स्पष्टता आली कुठून? दोन-तीन वेगळ्याच ठिकाणांहून.

एक म्हणजे जागेची शिस्त. मॉडिकॉनच्या ९८४ मालिकेत एका वेळी एकच जाळी दिसायची, ७ ओळी आणि ११ रकान्यांची. त्याहून मोठं काही काढताच यायचं नाही. प्रोग्रॅमर कुरकुरायचे, पण वाचणाऱ्याला खात्री असायची की दिसतंय तेवढंच आहे, स्क्रीनच्या बाहेर काही लपलेलं नाही. मी टॅबलेटवर चित्र लहान करत बसलो होतो, तिथे या लोकांनी चित्रालाच मर्यादा घातली होती.

दुसरं, आणि मला वाटतं सगळ्यात मोठं, म्हणजे चालू मशिनवर तीच शिडी जिवंत दाखवणं. चिन्ह ओळखायला चुकलात तरी आत्ता वाट जुळली आहे की नाही ते दिसतं. यातही दोन पंथ आहेत. ॲलन-ब्रॅडलीच्या आरएसलॉजिक्समध्ये ज्याचं उत्तर 'हो' आहे ते प्रत्येक चिन्ह स्वतःपुरतं हिरवं होतं, मग त्याच्या आधीची वाट तुटलेली का असेना. सीमेन्सच्या स्टेप-७ मध्ये रेघच रंगते. डावीकडून जिथपर्यंत वाट जुळली तिथपर्यंत अखंड हिरवी, पुढे निळी आणि तुटक. पहिल्यात प्रत्येकाचं उत्तर कळतं, दुसऱ्यात अडलंय कुठे ते कळतं. रात्री तीनला मशिन बंद पडलेलं असताना मला दुसरं आवडेल. शिवाय अखंड आणि तुटक हा फरक रंगाशिवायही दिसतो. लाल-हिरवं न ओळखू येणारे पुरुष आपल्या कल्पनेपेक्षा बरेच जास्त असतात, आणि कित्येकांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं.

(सीमेन्समध्ये तोच तर्क शिडी, चौकटी किंवा मजकूर अशा तीन रूपांत बघता यायचा, १९७९ च्या एस-५ मालिकेपासून. मामांच्या शेडमध्ये मजकूरवाला एकच गृहस्थ होता. तो रजेवर गेला की सगळे देवाचं नाव घ्यायचे.)

तिसरी गोष्ट कोणत्याच प्रमाणात बसत नाही. १९९० च्या दशकात थॉमस ग्रीन आणि मॅरियन पेत्र या संशोधकांनी लॅबव्ह्यू या चित्रभाषेवर प्रयोग केले. १९८६ साली आलेल्या लॅबव्ह्यूमध्ये तारांचे रंग आणि जाडी ठरलेली आहे, दिसायला देखणं. तरी साधे प्रोग्रॅम समजायला चित्राला मजकुरापेक्षा जास्त वेळ लागला. पेत्र यांनी १९९५ च्या लेखात म्हटलं की चित्र वाचणं हे उपजत नाही, शिकावं लागतं. आणि मुरलेले लोक चिन्हांइतकाच आधार घेतात तो मांडणीचा: काय शेजारी ठेवलंय, कुठे मोकळी जागा सोडलीय, कडेला काय लिहिलंय.

कडेला काय लिहिलंय! मामांच्या कागदांवर कडेलाच सगळं होतं. प्रत्येक कॉइलखाली, तिचे कॉन्टॅक्ट कोणत्या पायरीवर वापरलेत त्याचे आकडे. लाल बॉलपेनने 'हा चिकटतो', 'इथे आधी बघ'. ज्या पानावर घडीने रेघ खाल्ली होती, तिथे चिन्हाच्या वर बारीक अक्षरांत 'एनसी' लिहिलेलं होतं. मी घडीकडे बघत बसल्यामुळे मला ते दिसलंच नव्हतं.

परत आल्यावर लाल रंग काढून टाकला. कॉन्टॅक्टच्या दोन रेघांमधलं अंतर वाढवलं आणि तिरपी रेघ त्यांच्या वर-खाली बाहेर काढली, त्यामुळे लहान केल्यावरही ती शिल्लक राहते. पायरी मावत नसेल तर लहान करण्याऐवजी दोन ओळींत मोडते. आणि इनपुटच्या प्रत्येक चिन्हाखाली छोट्या अक्षरांत एक ओळ येते: प्रत्यक्ष जागेवर काय बसवलंय, एनओ की एनसी. ही माहिती प्रोग्रॅममध्ये नसतेच, कोणीतरी पॅनलपाशी जाऊन भरावी लागते. आमच्या मॅनेजरला हा शेवटचा भाग पटलेला नाही. त्यांचं म्हणणं, जे प्रोग्रॅममध्ये नाही ते दाखवणं आपलं काम नाही. वाद चालू आहे.

मामांना नवा स्क्रीनशॉट पाठवला. त्यांचं उत्तर म्हणून एक फोटो आला, त्या कन्व्हेयरच्या पॅनलचा, निवृत्तीच्या दिवशी काढलेला. दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद, त्यांच्याच ठसठशीत अक्षरात:

"स्टॉप बटण एनसी आहे. प्रोग्रॅममध्ये तिरपी रेघ दिसणार नाही. ते बरोबर आहे. रेघ घालू नये."